‘लावणे’ या क्रियापदाचा करवीर प्रांतीचा व्यवहार

घटस्थापनेपूर्वीचे आठ-दहा दिवस कोल्हापुरातील कोणत्याही जुन्या पेठेत, मग ती मंगळवार असो वा शुक्रवार, घरोघरी एकच धांदल चाललेली असते. माळ्यावरची अडगळ अंगणात येते, फडताळे रिकामी होतात, वाकळा आणि सतरंज्या पंचगंगेच्या घाटाकडे किंवा रंकाळ्याकडे धुण्यास जातात, पितळेचे डबे चिंचेने घासून उन्हात पालथे घातले जातात. आणि भिंती झाडून, जमीन धुऊन झाल्यावर हे सर्व सामान ज्या क्षणी आपापल्या ठिकाणी परतू लागते, त्या क्षणापासून घरातील प्रत्येक बाईच्या तोंडी एकच क्रियापद येते. ‘भांडी लावायची राहिलीत’, ‘कपाट लावायला काढलंय’, ‘घर अजून लागायचंय, बसायला सांगू तरी कुठं?’ या वाक्यांत एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. ही भांडी गतवर्षीही लावली होती, त्याच्या आदल्या वर्षीही लावली होती, आणि यंदा कदाचित डाव्या फळीवरचे डबे उजव्या फळीवर गेले असतील. तरीही ‘पुन्हा लावली’ असे कोणी म्हणत नाही. पूर्वीच्या मांडणीत बदल केला, हा भावच त्या शब्दात नाही. शंभराव्या वेळीही ती भांडी पहिल्यांदा लावावीत तशीच ‘लावली’ जातात, कारण या क्रियापदाची नजर कालच्या रचनेवर नसून वस्तूच्या योग्य स्थानावर खिळलेली असते.

वस्तूंची हलवाहलव सांगण्यास मराठीत शब्दांचा तोटा मुळीच नाही, आणि प्रत्येकाचा प्रांत वेगळा आहे. मोकळ्या जागेवर काही नव्याने थाटायचे असेल तर आपण ‘मांडतो’: चूल मांडतो, पाट मांडतो, सोंगट्यांचा डाव मांडतो, संसार मांडतो, न्यायासनापुढे बाजू मांडतो, त्यात आरंभ आहे आणि पाहणाऱ्यासाठी केलेला विस्तार आहे. एकावर एक चढवायचे असेल तेव्हा ‘रचतो’, जसे कडब्याची गंजी. पसरलेले दृष्टीआड करायचे तर ‘आवरतो’. आणि कोल्हापुरापुरते बोलायचे तर आणखी एका शब्दाची नोंद केलीच पाहिजे: अंबाबाईच्या मूर्तीला वस्त्रे नेसवून, अलंकार घालून जी पूजा केली जाते ती येथे मांडत नाहीत, करीत नाहीत, तर ‘बांधतात’. नवरात्रात रोज वेगळ्या रूपात बांधलेली पूजा पाहण्यास निघालेल्या माणसाला शेजारी विचारतो तेही ‘आज कशी पूजा बांधलीय?’ असेच. या सर्वांच्या मध्यभागी उभे असलेले ‘लावणे’ मात्र यांपैकी कोणाच्याही जागी चालत नाही, आणि त्याच्या जागी यांतील कोणीही चालत नाही.

याचे कारण त्याच्या कुळात आहे. संस्कृतातील ‘लग्’ म्हणजे चिकटणे, संलग्न होणे. त्यापासून प्राकृतातून उतरलेले ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद, आणि त्याचे प्रयोजक रूप ‘लावणे’. म्हणजे लावणे याचा मूळ अर्थ लागेल असे करणे, एका वस्तूचा दुसऱ्या वस्तूशी, स्थळाशी किंवा क्रमाशी संबंध जोडणे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा असल्यामुळे आपण ‘लग्न लावतो’ तेव्हा एकाच मुळाची दोन रूपे शेजारी बसवीत असतो. मोल्सवर्थने पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या 1831 च्या कोशात आणि पुढे दाते-कर्वे प्रभृतींनी 1932 ते 1938 या वर्षांत सात खंडांत प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशात या क्रियापदाच्या अर्थांचा पसारा कोणी पाहिला तर गोंधळून जाईल; कारण दिवा लावणे म्हणजे पेटवणे आणि दार लावणे म्हणजे मिटणे, मलम लावणे म्हणजे माखणे आणि नंबर लावणे म्हणजे ओळीत उभे राहणे, जीव लावणे हे प्रेम आणि बोल लावणे हा दोष. पण ज्योत वातीशी, कवाड चौकटीशी, मलम जखमेशी, मनुष्य रांगेशी आणि दोष माणसाशी संलग्न होतो, हे एकदा ध्यानी आले की पसाऱ्यातून एक सरळ सूत्र हाती येते.

या जोडीतील खरी मौज, आणि माझ्या मते या शब्दाचे सारे महत्त्व, ‘लावणे’ व ‘लागणे’ यांच्यामधील अंतरात आहे. लावणे कर्त्याच्या हाती असते. लागणे त्याच्या हाती नसते. कलम लावले, पण लागले नाही. मन लावले, पण लागले नाही. सूर लावला, पण लागला नाही. अर्थ पुष्कळ लावून पाहिला, पण लागेना. माणसाने आपले काम पुरते करावे, आणि मग त्या वस्तूने ते स्वीकारले की नाही याची वाट पाहावी, असा व्यवहार या दोन रूपांनी भाषेत कायम करून ठेवला आहे. कोल्हापूर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख या व्यवहाराची उदाहरणे पाहण्यास विशेष अनुकूल आहे, कारण शेती, दफ्तर, काव्य, गायन आणि मल्लविद्या ही पाचही येथे जुनी आणि नांदती आहेत.

प्रथम शेती. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या सह्याद्रीच्या अंगच्या तालुक्यांत आषाढात जे काम चालते त्यास ‘रोपलावण’ म्हणतात. वाफ्यात दाटीने उगवलेला तीन-चार आठवड्यांचा तरवा मुळांसकट उपटावयाचा, त्याच्या मुठी बांधावयाच्या, चिखलणी केलेल्या खाचरात त्या मुठी फेकावयाच्या आणि गुडघाभर चिखलात ओणवे होऊन, मागे सरकत सरकत, दोन-दोन चार-चार रोपे अंतराअंतराने चिखलात खोवत जावयाची. खोल गेले तर फुटवा कमी येतो, वर राहिले तर पाण्याने तरंगून जाते. अंतर कमी पडले तर दाटी होते, अधिक झाले तर जमीन वाया जाते. 1950 नंतरच्या काळात ज्या जपानी पद्धतीचा प्रसार सरकारने मोठ्या हिरिरीने केला, तिचा एक मुख्य भाग हाच होता की रोपे ओळीत व ठराविक अंतरावर लावावीत, म्हणजे कोळपणीस वाट राहते. पुनर्मांडणीचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही: तेच रोप, तीच माती, तेच पाणी, बदलते ते फक्त एकाचे दुसऱ्यापासूनचे अंतर, आणि त्या अंतरातून पीक निपजते. लावण झाल्यावर पहिले काही दिवस रोप पिवळट पडून मान टाकते. मग मूळ धरून हिरवे होऊ लागले की शेतकरी म्हणतो, ‘लागलं.’

पंचगंगा आणि भोगावती यांच्या खोऱ्यात उतरले की भाताची लावण मागे पडून उसाची ‘लागण’ सुरू होते. येथे दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या सरीत दाबतात, आणि आषाढ-श्रावणातील आडसाली, दिवाळीच्या आगेमागे पूर्वहंगामी व पौष-माघातील सुरू अशा तीन हंगामांत तिचे भाग पडतात. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून जो पुन्हा फुटतो तो खोडवा, तो लागणीचा नव्हे. भाताला ‘लावण’ आणि उसाला ‘लागण’ हा भेद कोणी जाणून केला असेल असे वाटत नाही, तथापि एका नावात शेतकऱ्याचा हात दिसतो आणि दुसऱ्यात कांडीचा डोळा, हे खरे. साखर कारखान्याकडे होणारी उसाची नोंद लागणीच्या तारखेने होते आणि तोडीचा क्रम त्या तारखेवर ठरतो, त्यामुळे या एका शब्दावर शेतकऱ्याचे वर्षाचे गणित अवलंबून असते. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास घर दिले आणि पुढे भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, त्यानंतर या खोऱ्यात लागणीचे क्षेत्र वाढत गेले.

जमिनीच्या संबंधातील ‘लावणी’ हा शब्द शेतापुरता नव्हता; तो कचेरीचाही होता. मराठी राज्यातील कागदपत्रांत ‘लावणी-संचणी’ असा जोडशब्द आढळतो, तो उजाड पडलेला मुलूख कुळांना कौल देऊन पुन्हा वहिवाटीस आणण्याचा, गावात माणसे आणि पडीत नांगर बसवण्याचा. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’, जे 1715 च्या सुमारास करवीरच्या संभाजी महाराजांच्या राजवटीत लिहिले गेले, त्यात गडावर कोणती झाडे लावावीत आणि ती कशी जतन करावीत याचाही विचार केला आहे; आंबा-फणसांपासून फुलझाडांपर्यंत. पंतांचे वंशज बावडेकर अमात्य म्हणून ज्या गगनबावड्यास नांदले तेथेच आज रोपलावण चालते, हा योगायोग असला तरी तो मला मोलाचा वाटतो.

आजच्या महसुली व्यवहारात या क्रियापदाचे जे रूप प्रत्येक खातेदाराला कधी ना कधी भेटते ते म्हणजे ‘नाव लावणे’. खातेदार वारला की वारसांची नावे सातबाऱ्यावर लावावी लागतात. अर्ज येतो, तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत जाते. हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. ‘फेरफार’ हा शब्द या सर्व बदलाचे कचेरीतील नाव, पण शेतकरी घरी येऊन ‘फेरफार झाला’ असे क्वचित सांगतो. तो सांगतो, ‘नाव लागलं.’ यात आणखी एक तपशील पाहण्याजोगा आहे. नवीन नाव लागताना जुने नाव खोडीत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. जुन्या सातबाऱ्यावर अशी कंसातील नावे एकाखाली एक उभी दिसतात, आजोबा, चुलते, वडील. आणि कोणत्या क्रमांकाच्या फेरफाराने कोण कंसात गेला हे वाचता आले तर एका कुटुंबाचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास त्या एका पानावरून उलगडतो. नाव जमिनीला लागते म्हणजे नुसते लिहिले जाते असे नव्हे. मागल्या नावाशी त्याचा दुवाही लागतो, आणि तो दुवा तुटला की दावे उत्पन्न होतात.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि संस्थानी कारभाराचे कागद पुढे सरकारी पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूर शाखेकडे आले. हे कागद ज्या फडक्यांत बांधलेले असतात त्यांस ‘रुमाल’ म्हणण्याची वहिवाट आहे. रुमाल सोडावयाचा, आतील पुडकी क्रमाने काढावयाची, घडी न मोडता कागद उलगडावा, पाहून झाल्यावर तो त्याच पुडक्यात त्याच ठिकाणी ठेवावा आणि रुमाल पूर्ववत बांधावा, हे तेथील शिस्तीचे काम. दफ्तर लावणे ही एक विद्या आहे, आणि तिच्यात जे पथ्य सर्वांत कठोर आहे ते असे की पूर्वीच्या कारकुनाने लावलेले दफ्तर आपल्या सोयीने पुन्हा लावू नये. हे पथ्य बाहेरच्या माणसास विचित्र वाटते. विषयवार कागद एकत्र केले तर शोधणाऱ्याचे श्रम वाचणार नाहीत काय? वाचतील; परंतु एक कागद कोणत्या कागदाच्या शेजारी, कोणत्या सालच्या, कोणत्या खात्याच्या पुडक्यात बांधला होता, हीच पुष्कळदा त्याच्या विश्वसनीयतेची साक्ष असते, आणि ती एकदा विस्कटली की कोणालाही परत आणता येत नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी 45 खंडांत छापले, किंवा शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली, ती निवड छापील ग्रंथांत झाली हे योग्यच. ग्रंथात कागद हवे तसे लावता येतात, रुमालात नाही. या बाबतीत मी पूर्णपणे दफ्तरदारांच्या बाजूचा आहे.

याच दफ्तरखान्यात ‘लागणे’ दुसऱ्या एका अर्थाने ऐकू येते. मोडी शिकलेला विद्यार्थी जुना कागद पुढे घेऊन बसतो आणि काही वेळाने म्हणतो, ‘अक्षर लागत नाही.’ मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे ओढलेली असतात. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याची खूण नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यातून प्रत्येक लेखकाची धाटणी निराळी. अशा वेळी जाणता वाचक अक्षराशी झगडत बसत नाही. तो मायना पाहतो, शेवट पाहतो, जे शब्द ठराविक जागी येणारच ते प्रथम ओळखतो, त्यांतील वळणांवरून त्या लेखकाचा ‘क’ आणि ‘ल’ कसा आहे हे हेरतो, आणि मग ती ओळख घेऊन अडलेल्या शब्दाकडे परततो. दहा-वीस ओळींनंतर एकाएकी सगळा कागद वाचू येतो. तेव्हा अक्षर ‘लागले’. डोळ्यांपुढील रेषा त्याच असतात, फक्त त्यांचे तुकडे योग्य जागी पडलेले असतात.

वाचनातून अर्थाकडे गेलो की ‘लावणे’ आपल्या सर्वांत सूक्ष्म कार्याशी येऊन पोहोचते, आणि ते म्हणजे अन्वय लावणे. कोल्हापूरच्या वायव्येस पन्हाळगडावर 1729 साली मोरोपंतांचा जन्म झाला; पुढे बारामतीस राहून त्यांनी ज्या सहस्रावधी आर्या लिहिल्या त्यांनी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना अन्वय लावण्यास बसवले. पद्यात वृत्ताच्या सोयीसाठी शब्द आपली गद्यातील जागा सोडून गेलेले असतात. त्यांना परत आणून बसवणे म्हणजे अन्वय. पंतांची आर्या येथे उद्धृत न करता केवळ पद्धत दाखवण्यासाठी तशा वळणाची एक साधी ओळ जुळवून घेऊ: ‘घन पाहुनि नभि वनि तो हर्षे नाचे मयूर चित्रांग.’ अर्थ लावणारा प्रथम क्रियापद धरतो: नाचे. कोण नाचे? मयूर. कसला मयूर? चित्रांग, म्हणजे चित्रविचित्र अंगाचा. आणि ओळीच्या मध्येच अडकलेले ‘तो’ हेही त्याचेच. काय करून नाचे? पाहुनि. काय पाहुनि? घन. आता उरली ‘नभि’ आणि ‘वनि’ ही दोन सप्तम्यंत पदे, एकमेकांना खेटून उभी. नवशिक्या विद्यार्थी दोन्ही नाचण्याला लावतो आणि मोर आकाशात नाचवतो. गुरुजी त्याला थांबवून सांगतात, ‘नभि हे घनाला लाव, वनि हे नाचण्याला लाव.’ आणि ओळ सरळ होते: तो चित्रांग मयूर नभी घन पाहून वनी हर्षे नाचे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी वाक्यार्थाला तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. त्या दोहोंचा संबंध अर्थाच्या दृष्टीने संभवणे ही योग्यता. आणि ती पदे जवळ असणे हा सन्निधि. कवी सन्निधि मोडतो, कारण त्याला वृत्त सांभाळावयाचे असते. अन्वय लावणारा उरलेल्या दोहोंच्या आधारे तो पुन्हा उभा करतो. ‘पाहुनि’ला कर्माची आकांक्षा असते म्हणून घन सापडतो, मोराला आकाशात नाचण्याची योग्यता नसते म्हणून ‘नभि’ घनाकडे जाते. 1880 साली स्थापन झालेल्या राजाराम कॉलेजासारख्या संस्थांतून संस्कृत आणि जुनी मराठी शिकलेल्या पिढीला या अभ्यासाने जे वळण लावले, ते पुढे वकिलीत कायद्याचे कलम लावताना आणि वैद्यकीत लक्षणांचा मेळ घालताना उपयोगी पडले, असे माझे मत आहे. आणि आज शाळांतून अन्वय जवळजवळ उठून गेला याचे मला मनापासून दुःख होते. लांब वाक्य वाचताना विशेषण कोणाला लावायचे हे न कळणारी मुले आपण घडवीत आहोत.

अर्थापेक्षाही अधिक निसटती वस्तू म्हणजे स्वर. कोल्हापुरात 1883 साली स्थापन झालेल्या देवल क्लबाच्या बैठकीत, अथवा कोणत्याही जाणत्या गवयाच्या मैफलीत, गाण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे तंबोरे लावण्यात जातात, आणि अनभिज्ञ श्रोता त्या वेळी घड्याळ पाहतो. त्याने घड्याळाऐवजी हात पाहावेत. तंबोऱ्याच्या चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. आधी खुंट्या पिळून तारा सुमारे जागेवर आणतात. मग घोडीखालील मणी केसभर वरखाली सरकवून सूक्ष्म फरक काढतात. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा किंचित पुढेमागे करतात, तेव्हा तारेच्या नादाला जवारीचा गुंजारव चढतो. एक तार लावली की दुसरी थोडी उतरल्यासारखी वाटते, ती लावावी तो पहिलीकडे परतावे लागते. आणि मग एका क्षणी, कोणीही न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येऊ लागतो. तो ऐकू आला की गवई हात थांबवतो. तंबोरा ‘लागला’. चार तारांत जो स्वर कोठेही बांधलेला नाही तो त्यांच्या परस्परसंबंधातून प्रकट व्हावा, यासाठीच ती सारी खटपट होती.

तंबोरा लागल्यावर गळ्याची पाळी. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (1855–1946) शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारी राहिले आणि महाराज 1922 साली निवर्तल्यानंतर मुंबईस गेले. त्यांचे पुत्र भूर्जीखाँ कोल्हापुरात नांदले आणि मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्या शिष्याने त्यांच्याकडून तालीम घेतली. त्या परंपरेत आकाराने मोकळा, भरदार स्वर लावण्यावर फार भर. ‘स्वर लावणे’ म्हणजे नुसते नेमक्या उंचीवर जाणे नव्हे; त्यावर कोठून यावे, किती जोराने टेकावे, कोठे सोडावे, हे सर्व त्यात येते, आणि या सर्वांना मिळून जो ‘लगाव’ हा शब्द गवयांच्या बोलण्यात आहे तोही त्याच ‘लग्’चा. एकच गंधार दोन रागांत निरनिराळ्या तऱ्हेने लावला जातो. राग म्हणजे तेच सात-बारा स्वर निराळ्या नात्यांनी लावण्याची व्यवस्था, असे म्हटले तर शास्त्राला बाध येणार नाही.

मल्लविद्येकडे आता थोडक्यात वळू. 1912 साली बांधून पूर्ण झालेल्या खासबागेच्या आखाड्यात आणि गावोगावच्या जत्रांत कुस्त्या ‘लावल्या’ जातात, आणि त्या लावणारे वस्ताद असतात. पोराचे वय, वजन, उंची, अंगातले बळ आणि कोणत्या तालमीत किती वर्षे माती खाल्ली हे पाहून त्याला जोड लावायची. जोड विजोड झाली तर कुस्ती दोन मिनिटांत संपते किंवा एखाद्याचा हात जायबंदी होतो, बरोबर लागली तर हलगी घुमू लागते आणि प्रेक्षक उठून उभे राहतात. मोतीबाग, गंगावेश यांसारख्या तालमींत ही पारख असलेली वृद्ध माणसे जो मान मिळवतात तो त्यांनी स्वतः मारलेल्या कुस्त्यांइतकाच त्यांनी लावलेल्या कुस्त्यांचाही असतो.

एका कठोर उपयोगाचीही नोंद करावयास हवी. ‘लावणे’ दुसऱ्या क्रियापदामागे आले की त्यात सक्ती शिरते: करायला लावले, बोलायला लावले, रडायला लावले. येथे स्थानावर बसवली जाणारी वस्तू म्हणजे माणूस, आणि त्याच्या इच्छेचा प्रश्न नाही. म्हणूनच शिस्त लावणे आणि जबरीने वागायला लावणे यांत भाषेने फार अंतर ठेवलेले नाही; ते अंतर लावणाऱ्याने ठेवावयाचे असते. मूल अभ्यासाला लावले आणि मूल अभ्यासाला लागले, या दोहोंतला फरक प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत शहरी बोलण्यात ‘सेट करणे’, ‘अरेंज करणे’ ही रूपे फार पसरली. परभाषेतून शब्द येऊ नयेत असे मी म्हणत नाही. रुमाल, दफ्तर हे शब्दही आपण बाहेरूनच घेतले आणि आपलेसे केले. शिवाय कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागीर लेथच्या चकात ‘जॉब लावतो’, तेव्हा त्याने नाम परक्याचे घेतले तरी क्रिया आपली ठेवली आहे, आणि जॉब मध्यावर आला नाही तर तो ‘अजून लागला नाही’ असेच म्हणतो. हानी होते ती क्रियापद गेल्यावर. ‘सेट केले’ याला ‘लागले’सारखा अकर्मक जोडीदार नाही. वस्तूने ते मानले की नाही हे विचारण्याची सोय त्या वाक्यात उरत नाही.

महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड निघाले त्याला आता नव्वद वर्षे होत आली, आणि 1950 सालच्या पुरवणीनंतर इतक्या विस्ताराने व्यवसायांतील बोली टिपण्याचे काम झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गुऱ्हाळावरचे गुळवे, कापशीची वहाण शिवणारे कारागीर, हुपरीचे चांदीकाम करणारे, तालमीतील वस्ताद, बावड्याच्या खाचरातील बायका, हे सर्वजण ‘लावणे’ कोणत्या कोणत्या कामाला लावतात याची यादी कोणाच्याच हाती नाही. ज्या वाचकांच्या घरी किंवा शेजारी अशी माणसे आहेत त्यांनी एक वही करावी. प्रयोग जसा ऐकला तसा, पूर्ण वाक्यात, गाव आणि धंदा यांसह उतरवावा. आणि ती वही आपल्या गावच्या वाचनालयात द्यावी. कोल्हापुरात तर 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर उभेच आहे.